विनाविलंब

मित्रांनो, शाळेच्या जिन्याखाली जी अडगळ आहे ना, तिथे फुटक्या कुंड्या आणि रंगाचे रिकामे डबे यांच्या मागे, भिंतीला टेकून एक जुने स्टूल उभे आहे. टेकून अशासाठी, की त्याला आता तीनच पाय उरले आहेत. ते स्टूल मी. एके काळी या शाळेतल्या एका वर्गात मला फळ्याइतकाच मान होता. तुम्ही इकडे सहसा फिरकत नाही. चेंडू आत आला तर तेवढा उचलता आणि पळता. आज चेंडू जरा खोल गेला आहे. तो सापडेपर्यंत माझी हकिकत ऐका.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. कुणाच्या तरी घराचे दार करून उरलेल्या लाकडातून त्याने मला घडवले. रंधा मारून झाल्यावर तो माझ्या कडा घासून गोल करत बसला. "पोरांच्या शाळेत जायचंय याला, कुणाच्या पोटरीला लागायला नको," असे त्याने बायकोला सांगितले. शेवटी तो स्वतःच माझ्यावर बसला, मागेपुढे झुलून पाहिले आणि म्हणाला, "बघ, तसूभर हलत नाही." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

शाळेत मला आणले ते उंच खिळ्यावरचे नकाशे काढायला. पण ज्या वर्गात मला ठेवले, तिथल्या शिक्षिकेने माझा निराळाच उपयोग शोधला. त्यांना सगळे नुसते 'बाई' म्हणत. उंचीने ठेंगण्या, पण आवाज असा खणखणीत की शेजारच्या वर्गातली मुलेही सावरून बसत. एखादे लहानखुरे मूल धडा वाचायला उठले की मागच्या बाकांना ते दिसत नसे. म्हणून बाईंनी मला फळ्याजवळ मांडले आणि जाहीर केले, "आजपासून यावर उभं राहून वाचायचं. सगळ्यांना दिसलं पाहिजे, सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे. आणि जो अडखळेल, तो खाली उतरेल."

तेव्हापासून किती मुले माझ्यावर उभी राहिली, सांगता यायचे नाही. मला त्यांचे चेहरे दिसत नसत. मी त्यांना पायांवरून ओळखत असे. कुणाचे तळवे घामाने ओले असत. कुणी एका पायाच्या अंगठ्याने दुसरी पोटरी खाजवत राही. एखादा मुलगा जोडाक्षर जवळ आले की टाचा उचलत असे, जणू उडीच मारायची आहे. वाचन बिनचूक पार पडले की वर्ग टाळ्या वाजवी, आणि पाय एकदम हलके होत. अडखळलेली मुले उतरताना मात्र फार जड लागत.

बाई वाईट नव्हत्या, मित्रांनो. मुलांच्या पेन्सिलींना त्या स्वतः टोक काढून देत. आपला वर्ग वाचनात कुणाला हार जाऊ नये, एवढेच त्यांच्या मनात असे. वाचन म्हणजे न थांबता, स्पष्ट, घडाघडा वाचणे. त्या स्वतः अशाच शिकल्या होत्या, त्यामुळे दुसरे काही त्यांच्या डोक्यातच आले नव्हते.

मग त्या वर्गात एक मुलगी आली. तिला सगळे आगगाडी म्हणत. खरे नाव हजेरीपुरते उरले होते. तिची पावले मात्र मी कधीच विसरणार नाही. ती माझ्यावर चढली की दोन्ही पाय घट्ट रोवून उभी राही. ना घाम, ना चुळबुळ. बाईंनी "हं" म्हटले की जी सुटे ती पानाच्या शेवटालाच थांबे. स्वल्पविराम, पूर्णविराम ही तिच्या लेखी बारकी स्टेशने होती, तिथे गाडी थांबत नसे. जोडाक्षरे ती लाह्या फुटाव्यात तशी उडवी. दुसऱ्या वर्गाचे शिक्षक मुद्दाम ऐकायला येत. मोठे गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, पाहुण्यांना घेऊन येत आणि त्यांच्या खिशातला कुठलाही छापील कागद तिच्या हातात देत. औषधाचे वेष्टण असो की वकिलाची नोटीस, आगगाडी ती धडाडत पार करी. पाहुणे तोंडात बोट घालत.

एकदा तिने एका म्हातारीच्या हरवलेल्या शेळीची गोष्ट वाचली. वाचून झाले, टाळ्या झाल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "पण मग शेळी सापडली का?" आगगाडी गोंधळली. पुस्तकात डोकावून म्हणाली, "ते पुढच्या धड्यात असेल." वर्ग हसला, बाईही हसल्या. शेळी त्याच पानावर, तिने नुकत्याच वाचलेल्या ओळीत सापडली होती. पण कुणी तिला ती ओळ पुन्हा वाचायला लावली नाही. घंटा झाली होती, आणि इतके सुरेख वाचणाऱ्या मुलीला आणखी काय विचारायचे असते?

एके दिवशी तिची आई तिला डबा द्यायला आली. ती एका लाँड्रीत इस्त्रीचे काम करत असे. वडील ट्रक चालवत आणि बरेच दिवस बाहेर असत. आई दारातच उभी राहिली. बाई तिला म्हणाल्या, "तुमच्या मुलीची काळजीच नको. काहीही द्या, वाचून दाखवेल." आईने पदराला हात पुसले आणि नुसतीच मान हलवली. ती स्वतः शाळेत गेलेली नव्हती. जाताना तिने वळून मला पाहिले. मुलगी ज्यावर उभी राहते ते हेच, अशा नजरेने.

त्यानंतर काही महिन्यांनी आगगाडी शाळेत येईनाशी झाली. तिचा धाकटा भाऊ बारक्या आजारी आहे, एवढे कळले. तो अजून शाळेत जात नव्हता, पुढच्या वर्षी आमच्याच शाळेत यायचा होता. दिवस गेले, आठवडे गेले. मग एका सकाळी ती आली आणि आपल्या जागेवर बसली. बाईंना आनंद झाला. "ये ये. किती दिवसांनी ऐकायला मिळणार. चढ वर."

ती चढली. मी ती पावले ओळखलीच नाहीत. तीच टाच, तीच बोटे, पण पाय थरथरत होते. बाईंनी पुस्तक पुढे केले. तिने ते घेतले नाही.

"बाई," ती म्हणाली, "विनाविलंब म्हणजे काय?"

"म्हणजे लगेच. ताबडतोब. वेळ न घालवता. का गं? कुठे वाचलंस?"

उत्तर म्हणून आगगाडीने पाठ असलेले काहीतरी म्हणायला सुरुवात केली. तोच वेग, तोच सूर. "ज्वर न उतरल्यास रुग्णास पुनश्च तपासणीसाठी आणावे. ग्लानी आल्यास, मान ताठरल्यास अथवा प्रकाश असह्य झाल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात दाखल करावे." एकही अक्षर अडखळले नाही. ती थांबली, आणि सवयीने दोन-तीन मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचे हात तिथेच राहिले.

"दवाखान्यातून औषधाबरोबर तो कागद दिला होता," ती सांगू लागली. "नर्सने आईला विचारलं, घरी वाचणारं कुणी आहे ना? आई म्हणाली, आहे ना, माझी मुलगी वाचते. मी रोज संध्याकाळी वाचून दाखवायचे. आई इस्त्री करता करता ऐकायची. बारक्या म्हणायचा, दिवा बंद कर, डोळ्यांत जातो. मी दिवा बंद करायचे आणि बाहेरच्या उजेडात जाऊन वाचायचे."

बाईंनी हातातले पुस्तक मिटून बाजूला ठेवले.

"मग तो उठेचना. नेलं तेव्हा डॉक्टर आईला म्हणाले, कागदावर लिहून दिलं होतं, उशीर का केलात? आई म्हणाली, असं काही लिहिलेलंच नव्हतं. मी रोज ऐकलंय." तिच्या पायांची बोटे माझ्या फळीत रुतली. "बाई, मी सगळं वाचलं होतं. एकही शब्द गाळला नव्हता."

"बारक्या?" बाईंनी कसेबसे विचारले.

"आहे. घरी आणलाय. त्याला ऐकू येत नाही आता. अजिबातच नाही."

एवढे बोलून ती मटकन खाली बसली, माझ्यावरच. माझ्यावर बसणारे ते पहिले मूल. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. त्यांनी तिची दोन्ही पावले हातांत धरली, जशी गार पडलेली पावले धरतात तशी.  मग म्हणाल्या, "तुला वाचायला मी शिकवलं. कळायला शिकवायचं राहूनच गेलं गं."

त्याच आठवड्यात तिची आई शाळेत आली. ती भांडायला आली असेल, असे मला वाटले. पण ती माझ्याजवळ उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "पोरीला काही बोलू नका, बाई. तिनं वाचलं होतं. मी ऐकलंही होतं. इतकं छान वाचते, म्हणून मी नुसती ऐकतच राहिले." मित्रांनो, माझ्या लाकडाला चीर गेली असती तर ती त्याच दिवशी गेली असती.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर कुणी उभे राहिले नाही. बाईंनी मला उचलून मुलांच्या मधोमध ठेवले आणि स्वतः माझ्यावर बसल्या. बाक भिंतीकडे सरकले आणि मुले माझ्याभोवती गोळा झाली. बाई दोन ओळी वाचत आणि थांबत. "काय झालं इथे? पुस्तकातल्या शब्दांत नको. घरी आईला सांगशील तसं सांग." सुरुवातीला मुले एकमेकांची तोंडे बघत. पुस्तकातले वाक्यच पुन्हा घोकत. मग बाई म्हणत, "नाही कळलं तर नाही कळलं म्हणायचं. त्यात लाजायचं काय? मलाही कधी कधी कळत नाही."

'नाही कळलं' हे दोन शब्द पहिल्यांदा कुणी म्हणायचे, यावर फार दिवस अडले होते. शेवटी मागच्या बाकावरची ती शेळीवाली मुलगीच म्हणाली. मग एकेकाचा धीर चेपला. 'प्रस्थान केले' म्हणजे निघाला. 'उदरनिर्वाह' म्हणजे पोट भरणे. मुले अवघड शब्द पकडून आणत आणि त्यांचे घरातले शब्द शोधत. कुणाला वाटे राजा चुकला, कुणाला वाटे राणी, आणि त्यावरून भांडणे होत. जी मुले पूर्वी अडखळून खाली उतरत, त्यांतली काही या भांडणात सर्वांत पुढे असत. मोठे गुरुजी दारात येऊन म्हणाले, "बाई, तुमचे धडे मागे पडलेत." बाई म्हणाल्या, "पडू द्या, गुरुजी. मुलं पुढे गेली की झालं."

फक्त एक आवाज त्या घोळक्यातून हरवला होता. आगगाडी आता वाचत नसे. ती एका कडेला बसून ऐके. कुणी जुन्या नावाने हाक मारली तर म्हणे, "त्या नावानं नको." बाईंनी तिला कधी आग्रह केला नाही.

पुढच्या वर्षी ती बारक्याला घेऊन शाळेत आली. न ऐकणाऱ्या मुलांची शाळा दूरच्या गावी होती, आईला तिकडे जाणे झेपत नव्हते. बाई म्हणाल्या, "बसू दे इथेच. काय करायचं ते मला ठाऊक नाही. पण बसू दे." बारक्या आला आणि थेट माझ्यावर चढून बसला. त्याचे पाय जमिनीला पोचत नव्हते, ते तो झुलवत राहिला. बहिरेपण येऊन वर्षही झाले नव्हते, त्यामुळे तो बोलत असे, पण फार मोठ्याने किंवा फार हळू.

"ताई, वाच ना," तो म्हणाला. "घरी वाचायचीस तसं."

 तिने बाईंकडे पाहिले. मग कितीतरी महिन्यांनी तिने पुस्तक उघडले आणि वाचू लागली.

तो तिच्या ओठांकडे टक लावून पाहत होता. "मोठ्यानं वाच," तो म्हणाला.

तिने आवाज चढवला.

"अगं मोठ्यानं. मला नाही येत ऐकू."

ती आणखी मोठ्याने वाचू लागली. आवाज फाटेपर्यंत तिने वाचले. शेजारच्या वर्गातून मुले दारात येऊन उभी राहिली. बारक्या तिचा हात हलवत होता आणि म्हणत होता, "तू पुटपुटतेस का, ताई?" सगळे आपल्याशी मुद्दाम हळू बोलतात, असेच त्याला अजून वाटत होते.

तिने पुस्तक मिटले. इतकी वर्षे तिच्याजवळ वाचनाचा जो एक खजिना होता, तो म्हणजे आवाज. आणि भावासाठी त्याचा कवडीचाही उपयोग नव्हता. ती माझ्या पायाशी जमिनीवर बसली. बाईंनी तिच्या हातात खडू दिला.

तिने फरशीवर लिहिले, 'बस'. मग बारक्याला उतरवले, ती अक्षरे दाखवली आणि माझ्यावर बसवले. 'ऊठ' लिहिले, उठवले. पुन्हा 'बस'. पुन्हा 'ऊठ'. त्याला हा खेळ वाटला आणि तो हसू लागला. कितीतरी वेळाने तिने हात मागे घेतला आणि नुसतेच लिहिले, 'बस'. तो अक्षरांकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे वळला आणि अगदी हळूच बसला. तिने सुटकेचा श्वास सोडला, तो माझ्या पायाला लागला.

असे ते दिवस गेले. ती लिहिण्याआधी स्वतः विचार करी, कारण जे तिला नीट कळले नसेल ते त्याला दाखवता येत नसे. 'धावला' दाखवायला धावावे लागे. 'उदास' दाखवायला ती गुडघ्यांत डोके घालून बसे. 'परंतु' कसा दाखवायचा, यावर अख्ख्या वर्गाने डोके खाजवले. शेवटी एका मुलाने खाऊ बारक्याच्या तोंडापर्यंत नेला आणि झटकन मागे घेतला. बारक्या चिडला, आणि 'परंतु' शिकला.

मग एका दुपारी बारक्या माझ्यावर बसून एकटाच मनात गोष्ट वाचत होता. एका खलाशाची होती ती. खलाशी समुद्रावर जातो, आणि त्याचा कुत्रा रोज धक्क्यावर येऊन उभा राहतो, एवढीच. अचानक बारक्याचे झुलणारे पाय थांबले. माझ्या बैठकीवर पाण्याचा थेंब पडला, मग आणखी एक. ताईने विचारले, हाताने, काय झालं? तो आपल्या विरत चाललेल्या आवाजात म्हणाला, "तो कुत्रा अजून वाट बघतोय. त्याला कुणी सांगितलंच नाही."

तिने पुस्तक आपल्याकडे घेतले. खलाशी बुडाला, असे त्यात कुठेच लिहिलेले नव्हते. नुसते लिहिले होते की त्या हिवाळ्यात एकही जहाज परतले नाही. ही ओळ तिने पूर्वी पाहुण्यांसमोर कितीदा तरी धडधडत म्हटली होती. आता तिने ओळीखाली बोट धरले आणि एकेक शब्द पार केला. मग ती भावाच्या मांडीवर डोके ठेवून रडली. बारक्याला वाटले ती कुत्र्यासाठी रडते आहे. कुत्र्यासाठीही असेल.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. वडिलांनी दूरची कामे सोडून त्या दुसऱ्या गावी काम मिळवले आणि सगळे कुटुंब तिकडे गेले, बारक्याच्या शाळेसाठी. निघण्याच्या दिवशी तो निरोप घ्यायला आला तेव्हा त्याची वाणी इतकी विरली होती, की मुलांना ती कळेना. त्याने फळ्यावर लिहिले, 'मी जातो. परंतु येईन.' तो आला नाही. त्याची ताई कुठे आहे, काय करते, मला माहीत नाही. एक मात्र मी पाहिले आहे. या शाळेत असेपर्यंत तिने पुन्हा कधी मोठ्याने वाचले नाही.

बाई आणखी काही वर्षे होत्या. त्यांचे गुडघे दुखू लागले, माझ्यावरून उठताना त्या दोन मुलांच्या खांद्यांचा आधार घेत. त्या निवृत्त झाल्या तेव्हा हार, भाषणे सगळे झाले. त्या मुलांमध्ये बसून काय करत होत्या, हे एकाही भाषणात आले नाही. नवे शिक्षक आले. ते घड्याळ लावून वाचन घेत. मी पुन्हा फळ्याजवळ गेले आणि मुले पुन्हा माझ्यावर उभी राहू लागली. एकदा बाक ओढताना तो माझ्यावर आदळला, माझा एक पाय निखळला. दुरुस्ती कुणाला सुचली नाही. शिपायाने मला इथे आणून टेकवले.

मला माझ्या पायाचे फारसे वाईट वाटत नाही. लाकडाचे आयुष्य असेच संपायचे. पण या जिन्याच्या वरच वर्ग आहे. रोज सकाळी तिथून आवाज येतो. कुणीतरी घडाघडा वाचते, सुरेख वाचते, कुठेही न थांबता. मग टाळ्या होतात. टाळ्या संपल्या की मी कान देऊन ऐकते, आता कुणी काही विचारील म्हणून. तेवढ्यात पुढच्या मुलाचे वाचन सुरू होते.

मित्रांनो, तुम्हाला मी एवढेच सांगेन. घरी धाकटा भाऊ असेल, बहीण असेल, आणि ते तुम्हाला काही वाचून दाखवतील, तेव्हा हात लगेच टाळीसाठी उचलू नका. विचारा, "काय झालं त्यात?" ते गप्प राहिले तर हसू नका, रागावू नका. त्यांच्याजवळ खाली बसा आणि ती ओळ पुन्हा वाचा, दोघे मिळून. बसायला स्टूल नसले तरी चालते. जमीन आहेच.